एरर रिपोर्टिंग बंद केल्याने पीसी फास्ट होतो का? शेअर्ड कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी हे सेटिंग आधी समजून घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून एक प्रश्न सगळीकडे ऐकू येतो: जुना पीसी आणखी दोन वर्षं कसा रेटायचा? यूट्यूबवर उत्तर शोधलं तर ‘या दहा गोष्टी बंद करा, पीसी रॉकेट होईल’ अशा थाटाचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. त्या यादीत एक नाव हमखास असतं, ते म्हणजे विंडोज एरर रिपोर्टिंग. सर्व्हिसेसमध्ये जा, डिसेबल करा, संपलं. काही जण तर सगळं एका फटक्यात बंद करणारी तयार स्क्रिप्टच देतात. ती आत काय काय करते, हे कुणी वाचून बघत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचं सगळं काम फोनवर चालतं, डेस्कटॉपशी आमचा काय संबंध? संबंध आहे. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म, महाडीबीटीची स्कॉलरशिप, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा सातबारा, आईचं ई-केवायसी. यातलं निम्मं काम आजही शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या ई-सेवा केंद्रातल्या, झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या डेस्कटॉपवर होतं. तुमच्यापैकी काही जण स्वतःच असं केंद्र चालवत असतील, नाहीतर काका-मामाच्या दुकानात बसत असतील. तो कॉम्प्युटर क्रॅश झाला की त्याच्या मेमरीत त्या क्षणी कुणाचं काय उघडं होतं, आणि ते पुढे कुठे जातं, हा प्रश्न तुमचाही आहे.

म्हणून या सेटिंगचा नीट हिशोब करू. काय बंद करायचं, काय अजिबात बंद करायचं नाही, आणि का.

क्रॅश झाल्यावर नेमकं काय होतं?

एखादा प्रोग्रॅम अचानक बंद पडला, की विंडोज आधी त्याचा पंचनामा करतं. कुठला प्रोग्रॅम होता, त्याचं व्हर्जन काय, तो आतल्या कुठल्या फाइलमध्ये अडखळला, एरर कोड काय, विंडोजचं व्हर्जन काय. ही झाली रिपोर्टची पहिली पातळी. यात तुमचं नाव-गाव लागत नाही आणि फॉर्ममधला मजकूरही लागत नाही. गाडी कुठे बंद पडली आणि कुठला पार्ट गेला, एवढंच मेकॅनिकला सांगण्यासारखं ते आहे.

दुसरी पातळी मेमरी डंपची. क्रॅशच्या क्षणी रॅममध्ये जे होतं, त्याचा एक तुकडा किंवा सगळाच भाग फाइलमध्ये उतरवून घेतात. इंजिनिअरसाठी हे सोनं असतं, कारण प्रोग्रॅम कुठल्या वाटेने चालत आला आणि कुठे पडला हे त्यातून दिसतं. पण रॅममध्ये प्रोग्रॅमसोबत तुमचा डेटाही असतो. तुम्ही आधार कार्डाची पीडीएफ उघडली असेल आणि तेवढ्यात सॉफ्टवेअर पडलं, तर तिचा काही भाग डंपमध्ये येऊ शकतो. हे मायक्रोसॉफ्टच स्वतःच्या माहितीपत्रात सांगतं: ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटामध्ये क्रॅशच्या वेळची मेमरी जाऊ शकते, आणि तुम्ही वापरत असलेल्या फाइलचे भाग त्यात नकळत येऊ शकतात.

विंडोज एक्सपी आठवत असेल त्यांना ‘सेंड एरर रिपोर्ट’ आणि ‘डोन्ट सेंड’ ही दोन बटणंही आठवतील. आपल्याकडे जवळपास सगळे डोळे झाकून ‘डोन्ट सेंड’ दाबायचे, कारण विंडो पटकन जायची. आता तो प्रश्न सहसा समोर येत नाही. काय पाठवायचं ते एका सेटिंगवर ठरतं. ते सेटिंग विंडोज इन्स्टॉल करताना कुणीतरी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत ठरवून टाकलेलं असतं.

रिपोर्ट पाठवून कुणाचं भलं होतं?

खरं सांगायचं तर भलं होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना एक पत्र लिहिलं होतं. या रिपोर्टांवरून कंपनीला कळलेली गोष्ट त्यात होती: जवळपास २० टक्के बगमुळे ८० टक्के एरर येतात, आणि फक्त १ टक्का बगमुळे निम्म्या एरर येतात. म्हणजे कुठला बग आधी पकडायचा हे रिपोर्टमुळे कळतं. रिपोर्ट नसेल तर अंधारात दगड मारायचे.

दुसरं उदाहरण २००८ चं. मायक्रोसॉफ्टमधले सुरक्षातज्ज्ञ जॉन लॅम्बर्ट यांना क्रॅश रिपोर्ट चाळताना एक विचित्र क्रॅश दिसला. तो साधा बग नव्हता. कुणीतरी विंडोजमधलं एक अज्ञात भगदाड वापरून हल्ले करत होतं, आणि हल्ला फसला की क्रॅश मागे राहत होता. २३ ऑक्टोबर २००८ ला मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न बघता त्याचा पॅच काढला. पुढच्याच महिन्यात कॉन्फिकर नावाचा वर्म त्याच भगदाडातून पसरायला लागला. ज्यांनी अपडेट केलं होतं त्यांना त्या वाटेने धोका उरला नव्हता. अपडेट बंद करून बसलेल्यांनी मार खाल्ला.

तिसरं उदाहरण तुम्ही स्वतः बातम्यांत पाहिलं असेल. १९ जुलै २०२४ ला सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीने एक सदोष अपडेट सोडला. ७८ मिनिटांत तो मागे घेतला, पण तोवर जगभर निळे स्क्रीन आले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन पडली, आणि तरी हा आकडा एकूण विंडोज मशीनच्या १ टक्क्याहून कमी. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. शिरूर-दौंडच्या ई-सेवा केंद्रांसारख्या ठिकाणी या सॉफ्टवेअरचं कामच नसतं, कारण क्राउडस्ट्राइक हे मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर आहे. दुकानातल्या पीसीवर ते कुणी टाकत नाही.

या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने क्रॅश डंप वापरून विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात एक वाक्य महत्त्वाचं होतं. क्रॅश रिपोर्टांची संख्या ८५ लाखांपेक्षा कमी आहे, कारण रिपोर्ट नमुन्यादाखल घेतले जातात आणि ज्यांनी पाठवायला होकार दिलाय त्यांच्याकडूनच येतात. म्हणजे इतक्या मोठ्या घोटाळ्याचं चित्रसुद्धा होकार देणाऱ्यांच्या मशीनवरूनच काढलं गेलं. ज्या प्रकारच्या मशीन कधीच रिपोर्ट पाठवत नाहीत, त्यांचे बग कंपनीला दिसत नाहीत. आपल्याकडचे जुने प्रिंटर, स्वस्त बायोमेट्रिक डिव्हाइस, मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर यांचे क्रॅश कुणालाच कळले नाहीत, तर ते दुरुस्त कोण करणार?

मग भीती कशाची?

भीतीही खरी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीच्या ‘डेर श्पीगल’ने बातमी दिली, की अमेरिकेची गुप्तहेर संस्था एनएसए इंटरनेटवरून जाणारे विंडोजचे क्रॅश रिपोर्ट मधल्यामध्ये पकडून वाचते. कुठल्या कॉम्प्युटरमध्ये काय कमकुवत आहे, हे त्यातून घरबसल्या कळायचं. त्याच सुमारास वेबसेन्स या कंपनीने दाखवून दिलं, की तेव्हा रिपोर्टची पहिली पातळी एन्क्रिप्ट न करताच जात होती. म्हणजे ‘पहिल्या पातळीत वैयक्तिक काही नसतं’ हे बरोबर असलं, तरी ‘म्हणून ती कुणाच्या उपयोगाची नाही’ हे चूक होतं. नंतरच्या विंडोजमध्ये रिपोर्ट एन्क्रिप्ट होऊनच जातात.

डंपमध्ये काय अडकू शकतं याचं दुसरं उदाहरण खुद्द मायक्रोसॉफ्टचं. जुलै २०२३ मध्ये कळलं, की चिनी हॅकर्सनी मायक्रोसॉफ्टची एक चावी वापरून अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले. सप्टेंबरमध्ये कंपनीने म्हटलं, की एप्रिल २०२१ मध्ये तिचीच एक सिस्टिम क्रॅश झाली आणि चावी बहुधा त्या डंपमधून बाहेर पडली. मार्च २०२४ मध्ये कंपनीने हे विधान बदललं: चावी असलेला असा डंप आम्हाला सापडलेला नाही. चोरी नेमकी कशी झाली हा वेगळा विषय. आपल्या कामाची गोष्ट ही, की डंपमध्ये चावी अडकणं अशक्य आहे असं मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरनाही वाटलं नाही. मग आपल्या दुकानातल्या पीसीच्या डंपमध्ये ओळखपत्र अडकणार नाही असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

आपला पीसी आणि दुकानातला पीसी यात फरक काय?

स्वतःच्या लॅपटॉपवर तुम्ही होकार द्या किंवा नकार द्या, डेटा तुमचा आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीत असाल तर हे सेटिंग सहसा आयटी विभाग वरून ठरवतो, तुम्हाला ते बदलताही येत नाही. प्रश्न आहे तो मधल्या जागेचा. ई-सेवा केंद्र, सायबर कॅफे, लॅब. इथे एका मशीनमधून रोज कितीतरी लोकांची कागदपत्रं जातात, आणि ऑप्शनल डेटाला ‘यस’ म्हणणारा त्यांच्यापैकी कुणीच नसतो.

आणि ही गर्दी वाढतेच आहे. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधी पुणे-पिंपरी चिंचवडसारख्या मोजक्या शहरी भागांपुरते होते. २०२५ पासून ते सगळ्या राज्याला लागू झाले, म्हणजे शिरूर आणि दौंडच्या पोरांनाही तोच फॉर्म भरावा लागला. मे २०२५ मध्ये नोंदणीच्या सुरुवातीलाच पोर्टल अडकलं आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली, हे तुमच्यातल्या अनेकांनी भोगलंय. इथे एक गोष्ट स्पष्ट करू: पोर्टल अडकणं म्हणजे तुमचा कॉम्प्युटर क्रॅश होणं नव्हे. सर्व्हर पडला तर त्याचा रिपोर्ट विंडोज कुणाला पाठवत नाही. पण अशा दिवशी एका ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे, त्यात पाच जणांचे फॉर्म, जुना पीसी, ४ जीबी रॅम. मग ब्राउझर पडतो. आणि ब्राउझरची स्वतःची वेगळी एरर रिपोर्टिंग असते, तिच्याकडे पुढे येऊ.

कायदाही आता या दिशेने सरकतोय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. ज्याचा डेटा, त्याला विचारा, हे त्याचं साधं सूत्र. दुसऱ्याची कागदपत्रं हाताळणाऱ्याने आत्तापासून ही सवय लावलेली बरी.

तर सेटिंग कसं ठेवायचं?

दोन गोष्टी वेगळ्या करा. क्रॅशची नोंद ठेवणं वेगळं, आणि मेमरीसकट सगळं बाहेर पाठवणं वेगळं. पहिलं चालू ठेवायचं, दुसरं शेअर्ड मशीनवर बंद करायचं. व्हिडिओवाले दोन्हीला एकाच कुऱ्हाडीने तोडतात, तिथेच चुकतं.

विंडोज ११ वर:
- सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक.
- ‘सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा’ हे बटण ऑफ करा. एवढ्याने मेमरीवाला भाग थांबतो. ‘रिक्वायर्ड’ डेटा जात राहतो. होम आणि प्रो एडिशनमध्ये तो या सेटिंगमधून बंद करता येत नाही.
- त्याच पानावर ‘इम्प्रूव्ह इंकिंग अँड टायपिंग’ असेल तर तेही ऑफ करा. दुसऱ्यांचे फॉर्म टाइप होणाऱ्या मशीनवर ते कशाला हवं?
- खाली ‘डिलीट डायग्नोस्टिक डेटा’ आहे. या डिव्हाइसवरून मायक्रोसॉफ्टकडे गेलेला डेटा तिथून पुसायला सांगता येतो.
- काय जातंय ते स्वतः बघायचं असेल तर ‘व्ह्यू डायग्नोस्टिक डेटा’ ऑन करून मायक्रोसॉफ्टचं व्ह्यूअर अॅप टाका. डिस्कवर १ जीबीपर्यंत जागा लागू शकते, म्हणून बघून झालं की ऑफ करा.

विंडोज १० वर: सेटिंग्ज, प्रायव्हसी, डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक, आणि तिथे ‘रिक्वायर्ड डायग्नोस्टिक डेटा’ निवडा. पण विंडोज १० वर त्याहून मोठं काम बाकी आहे. एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स या योजनेत मशीन नोंदवली नसेल, तर सुरक्षेचे अपडेट थांबलेत. घरगुती वापरासाठीची ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्ज सिंक केल्या तर ती मोफत मिळते. एरर रिपोर्टिंग बंद करून प्रायव्हसी सांभाळली म्हणायचं आणि पॅच न घेता लोकांची आधार कार्डं उघडत बसायचं, म्हणजे खिडकीला पडदा आणि दाराला कडीच नाही.

ब्राउझर विसरू नका. क्रोममध्ये सेटिंग्ज, यू अँड गुगल, तिथल्या गुगलच्या सेवांच्या पानावर ‘हेल्प इम्प्रूव्ह क्रोम्स फीचर्स अँड परफॉर्मन्स’ हे बटण क्रॅश रिपोर्ट पाठवतं. शेअर्ड मशीनवर ते ऑफ ठेवा. फायरफॉक्स क्रॅश झाल्यावर विचारतं, त्या विंडोत ‘मी ज्या पानावर होतो त्याचा पत्ता जोडा’ अशा अर्थाचा चौकोन असतो. त्यातली टिक काढा.

लॅबमध्ये उबंटू असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, डायग्नोस्टिक्स इथे ‘नेव्हर’, ‘मॅन्युअल’, ‘ऑटोमॅटिक’ असे पर्याय मिळतात. ‘मॅन्युअल’ सगळ्यात शहाणा, दरवेळी विचारून पाठवतो. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, अॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स. आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइडवरही हीच गोष्ट आहे. सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘यूसेज अँड डायग्नोस्टिक्स’ टाका. तो फोन एकट्या तुमचा असेल तर ऑन ठेवायचं की ऑफ हे तुम्ही ठरवा, फक्त ते तिथे आहे हे माहीत असू द्या.

बाहेर गेलं नाही तरी डिस्कवर राहतं

हे फार कमी लोक सांगतात. डंप मायक्रोसॉफ्टकडे गेला नाही, तरी पीसीवर पडून राहू शकतो. निळा स्क्रीन आला की सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘मेमरी डॉट डीएमपी’ ही मोठी फाइल आणि ‘मिनीडंप’ या फोल्डरात छोट्या फाइल तयार होतात. मशीन रिपेअरला दिली किंवा जुनी म्हणून विकली, की त्या सोबत जातात. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे ‘सिस्टिम एरर मेमरी डंप फाइल्स’ आणि ‘विंडोज एरर रिपोर्ट्स’ असे चौकोन दिसतील. मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी ते पुसा. मात्र रिपेअरवालाच क्रॅशचं कारण शोधणार असेल, तर छोटा मिनीडंप राहू द्या, त्याच्या कामाचा आहे.

आणि प्रमाणाचं भान ठेवा. दुकानातल्या पीसीवरून डेटा फुटायचा सर्वात सोपा मार्ग एरर रिपोर्ट नाही. तो आहे ‘डाउनलोड्स’ फोल्डर, जिथे सहा महिन्यांची आधार कार्डं आणि सातबारे पडलेले असतात, आणि व्हॉट्सअॅप वेब, जे लॉगआउट करायचं राहून जातं. ते रोज संध्याकाळी साफ होत नसेल, तर एरर रिपोर्टिंगची चिंता दुय्यम आहे.

‘बंद करा, फास्ट होईल’ हे का पटत नाही?

कारण ही सर्व्हिस सतत चालतच नाही. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज एरर रिपोर्टिंग सर्व्हिस’ शोधा, तिच्यासमोर मॅन्युअल, ट्रिगर स्टार्ट असं दिसेल. काही पडलं तरच ती जागी होते. जी गोष्ट झोपलेली आहे, ती मारून वेग कुठून वाढणार? पीसी स्लो असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणं आणि रॅम वाढवणं याने जो फरक पडतो, तो सर्व्हिस बंद करून पडत नाही.

उलट नुकसान होतं. त्या सर्व्हिसच्या वर्णनात विंडोजनेच लिहिलंय, की निदान आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या नोंदी हीच तयार करू देते, आणि ती थांबवली तर निदानाचे निकाल दिसणार नाहीत अशी शक्यता आहे. म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कान बंद करायला गेलात आणि स्वतःचेच डोळे झाकले.

ते डोळे कुठले? स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. तारखेनुसार एक आलेख दिसेल. लाल गोलातली फुली म्हणजे काहीतरी पडलं. वर १ ते १० मध्ये मशीनची तब्येत. तारखेवर क्लिक केलं की कुठला प्रोग्रॅम, कधी, हे खाली येतं.

आपल्या भागात याचा एक खास उपयोग आहे. पीसी मधेच बंद होतो, ही तक्रार दुकानात नेहमीची. मेकॅनिककडे नेला की पहिलं वाक्य ठरलेलं: फॉरमॅट मारावं लागेल. त्याआधी ही हिस्टरी बघा. फक्त ‘विंडोज वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन’ एवढीच नोंद असेल, तर मशीनची वीज तुटली असण्याची शक्यता मोठी. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, पॉवर सप्लाय ढिला झाला, किंवा हँग झाल्यावर कुणीतरी बटण दाबून बंद केला. तिथे फॉरमॅट मारून काय होणार? पण त्यासोबत निळ्या स्क्रीनचा कोड किंवा ‘हार्डवेअर एरर’ दिसत असेल, तर रॅम, डिस्क, ड्रायव्हर तपासायला हवेत. आणि एकच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लाल दिसत असेल, तर तेवढाच काढून परत टाका. एका पानाने तुमचे फॉरमॅटचे पैसे आणि त्यात जाणारा डेटा वाचतो. ही नोंद ठेवणारी यंत्रणाच तोडली, तर मेकॅनिक म्हणेल ते ऐकावं लागतं.

आता एक नवी गोष्ट जोडली गेली आहे

क्राउडस्ट्राइकच्या धड्यानंतर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये विंडोज रेझिलियन्सी इनिशिएटिव्ह जाहीर केला. त्याचा भाग म्हणून २०२५ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनमध्ये दोन बदल आले. निळ्या स्क्रीनची जागा काळ्या स्क्रीनने घेतली, आणि क्विक मशीन रिकव्हरी ही सोय आली. मशीन सुरूच होत नसेल तर ती रिकव्हरी मोडमध्ये जाते, इंटरनेटला जोडते, क्रॅशची माहिती मायक्रोसॉफ्टला कळवते आणि त्या दोषावर उपाय तयार असेल तर उतरवून घेते. जुलै २०२४ मध्ये हेच काम जगभर माणसांना मशीनपाशी जाऊन हाताने करावं लागलं होतं.

होम एडिशनमध्ये ही सोय आपोआप ऑन असते, प्रोमध्ये २०२५ मध्ये ती ऑन करावी लागत होती. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, क्विक मशीन रिकव्हरी. तिला केबलवालं इंटरनेट किंवा पासवर्डवालं वायफाय लागतं. दुकानाचं इंटरनेट तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर असेल आणि तुम्ही जेवायला घरी गेला असाल, तर मशीन कुणाला हाक मारणार, हेही लक्षात घ्या. आणि ही सोय सगळं बरं करत नाही. अनेक मशीनवर एकाच कारणाने येणारा दोष असेल, तरच उपाय तयार मिळतो.

याचा अर्थ असा, की क्रॅशची माहिती पाठवणं ही आता फक्त कंपनीच्या सोयीची गोष्ट राहिली नाही. मदत परत यायचा रस्ताही तोच आहे. रिपोर्टिंग, अपडेट, रिकव्हरी सगळं उडवणारी ‘डीब्लोट’ स्क्रिप्ट चालवणारा माणूस तो रस्ता स्वतः खणून ठेवतो.

शेवटी कुणी काय करायचं?

फक्त तुमचा पीसी: रिक्वायर्ड चालू, ऑप्शनल तुमच्या मर्जीवर. बग दुरुस्त व्हावेत असं वाटत असेल तर ऑन ठेवण्यात काही चूक नाही.

ई-सेवा केंद्र, सायबर कॅफे, लॅब: ऑप्शनल ऑफ, ब्राउझरचे क्रॅश रिपोर्ट ऑफ, सर्व्हिसला हात लावायचा नाही, महिन्यातून एकदा डंप फाइल्स साफ, आणि रिलायबिलिटी हिस्टरी दर आठवड्याला बघायची.

खरंच संवेदनशील काम, म्हणजे वकिलाचं ऑफिस, दवाखाना, पेशंटचे रिपोर्ट: इथे रिपोर्ट पाठवणं पूर्ण थांबवणं समजू शकतो. प्रो एडिशन असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये विंडोज कंपोनंट्स, विंडोज एरर रिपोर्टिंग, ‘डिसेबल विंडोज एरर रिपोर्टिंग’ हा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे. होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी नसते. तिथे कुठली तरी फाइल डाउनलोड करून रजिस्ट्री बदलण्यापेक्षा माहीतगार माणसाकडून करून घ्या, आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे उद्या परत फिरवता येईल.

आणि तुम्ही ग्राहक असाल तर? केंद्रात फॉर्म भरून झाला की दोन गोष्टी मागा: माझी फाइल डाउनलोड्समधून माझ्यासमोर डिलीट करा, आणि ऑप्शनल डेटा ऑफ आहे का ते दाखवा. पहिल्यांदा चालक तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघेल. पण सेटिंग उघडायला अर्धा मिनिट लागतो, आणि एकदा ऑफ केलं की तुमच्यानंतर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचं काम होऊन जातं.